आठशे भाग मेलेला माणूस

खिळेमामा सात वर्षं रोज सकाळी नऊला कामावर जात आणि आधी स्वतःला भिंतीवर टांगत. हे त्यांचंच वाक्य. नवा माणूस भेटला की ते हे वाक्य टाकत, समोरच्याचा रंग उडालेला चेहरा डोळे भरून पाहत आणि मगच खुलासा करत.

मामा एका टीव्ही मालिकेत सामानवाले होते. कपबशी, किल्ल्या, औषधाची बाटली, आजारी माणसाची चादर, जे जे पडद्यावर दिसायचं ते वेळेवर जागेवर ठेवायचं. तोंडात कायम दोन खिळे, म्हणून खिळेमामा. त्या मालिकेतल्या घराचे कर्ते पहिल्या भागाच्या आधीच वारलेले होते आणि दिवाणखान्यात त्यांचा फोटो हवा होता. चित्रीकरणाच्या दिवशीच कळलं की फोटो कुणी केलेलाच नाही. सामान मामांचं, म्हणजे चूक मामांची. दिग्दर्शकाने त्यांची अशी काही खरडपट्टी काढली की ते तडक घरी गेले, मेव्हण्याच्या लग्नातला आपला फोटो शोधून काढला, शेजारी उभ्या असलेल्या बायकोची बाजू दुमडली आणि काळ्या चौकटीत बसवला. तरी मामींचा एक खांदा राहिलाच.

‘‘चार दिवस चालेल,’’ दिग्दर्शक म्हणाला. आठशे भाग चालला.

‘‘मला दुमडून मेलात ते मेलात,’’ मामी म्हणत, ‘‘वर ती नायिका रोज तुमच्यापुढे रडते. माझ्यापुढे कोण रडतं हो?’’

आपल्या अभिनयाबद्दल मामांचं मत ठाम होतं. ‘‘सात वर्षांत पापणी हलवली नाही. आहे कुणाची छाती?’’

मालिका संपली, वाहिनीला टाळं लागलं, मामा निवृत्त झाले, मुलाच्या लग्नानंतर नात आली, ती तिसरीत गेली. आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्या मालिकेचं नशीब उघडलं. मोबाईलवर मालिका दाखवणाऱ्या दोन कंपन्यांची तिच्यावरून जुंपली. ती आमच्याकडेच दिसायला हवी, दुसरीकडे कुठेही नाही, असा हक्क दोघींना हवा होता. पेपरात बातमी आली. मामांनी ती कापून फ्रिजवर लावली. नातीने त्याच दिवशी वर्गात जाहीर केलं, ‘‘त्यात भिंतीवर जो फोटो आहे ना, ते माझे आजोबा.’’

‘‘खोटारडी,’’ बाकावरची मैत्रीण म्हणाली.

‘‘मालिका लागली की बघ,’’ नात म्हणाली. घरी येऊन तिने विचारलं, ‘‘लागेल ना, आजोबा? तुम्हीच असाल ना?’’

‘‘मी नाही तर कोण?’’ मामा म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात पहिल्या कंपनीच्या वकीलबाई घरी आल्या. सगळ्या नटांचे करार सापडले होते, फक्त भिंतीवरच्या माणसाचा नव्हता. तो नट नव्हताच ना! चेहरा दाखवायला हरकत नाही, असा एक कागद त्यांनी पुढे केला. इथे सही करा म्हणाल्या, संपलं. मामी पेन शोधायला उठल्यासुद्धा. पण मामांनी पायावर पाय टाकला आणि म्हणाले, ‘‘विचार करून सांगतो.’’

कसला विचार? आयुष्यात मामांनी विचार म्हणून जो काही केला होता तो खिळा कुठे ठोकायचा एवढाच. पण त्या दिवशी अंगात आलं. त्यांना वाटलं, दोन कंपन्या भांडताहेत त्या आपल्यासाठीच. दुसऱ्या कंपनीचा माणूस पुष्पगुच्छ घेऊन आला, तेव्हा तर खात्रीच पटली. त्यालाही विचार करून सांगतो म्हणाले.

आणि अटी वाढत गेल्या. आधी म्हणाले, शेवटी नावांच्या यादीत माझं नाव हवं. मग म्हणाले, सुरुवातीला हवं. मग एका दुपारी आरशासमोर उभं राहून त्यांनी वकीलबाईंना फोन लावला. जुन्या फोटोत केस विस्कटलेले आहेत, नवा काढून घेतो, तेवढा सगळ्या भागांत बदला.

‘‘मामा,’’ वकीलबाई म्हणाल्या, ‘‘सही कधी करताय?’’

‘‘बघू.’’

‘‘अहो, उतावळा नवरा ऐकला होता,’’ मामी म्हणाल्या, ‘‘पण रुसलेला मयत मी पहिल्यांदाच बघतेय. करून टाका ना सही! पोरगी रोज विचारते.’’

‘‘तुला यातलं कळत नाही. ताणलं की किंमत कळते.’’

महिनाभर कुणाचा फोन नाही. मग वकीलबाईंचाच आला. मालिका त्यांच्या कंपनीला मिळाली होती. ‘‘आणि मामा, आता तुमच्या सहीची गरज नाही.’’

मामांनी फोन ठेवला आणि घरभर सांगितलं, ‘‘वाकले! बिनसहीचे तयार झाले.’’

मालिका लागायच्या दिवशी मुलाने त्या कंपनीची वर्गणी भरली आणि सगळे टीव्हीसमोर बसले. मामांनी दाढी केली होती. नात त्यांच्या मांडीला टेकून बसली. तोच दिवाणखाना, मामांनी मांडलेला. तीच खुर्ची, तीच कपबशी. नायिका आत आली, भिंतीपाशी गेली, ‘‘बाबा, तुम्ही हवे होतात हो,’’ म्हणाली आणि कॅमेरा फोटोवर गेला.

फोटोत एक भलताच माणूस होता. रुंद कपाळ, रुपेरी केस, न्यायाधीश शोभावा असा. शेजारी मामींचा खांदा मात्र जिथल्या तिथे होता.

मामींनी चटकन मामांकडे पाहिलं आणि तोंडावर आलेला टोमणा गिळला. एवढ्या वर्षांत त्यांनी गिळलेला तो पहिलाच टोमणा असेल.

सकाळी वकीलबाईंनी समजावून सांगितलं. हा चेहरा कॉम्प्युटरने बनवला होता. जगात कुणाचाच नव्हता, त्यामुळे सही मागायचा प्रश्नच नव्हता. आठशे भागांत बदलायला एक दुपार लागली म्हणे. ‘‘तुमची खूप वाट पाहिली, मामा,’’ त्या म्हणाल्या. आणि त्यांनी पाहिलीच होती. मामांना रागवायलासुद्धा जागा उरली नाही.

त्या दिवशी नात शाळेतून यायच्या वेळी ते दारातच उभे होते. आपल्या फुकटच्या तोऱ्यापायी पोरीचं नाक कापलं गेलं, दुसरं काय?

‘‘मैत्रिणी खोटारडी म्हणाल्या का गं तुला?’’

‘‘नाही,’’ ती बूट काढत म्हणाली. ‘‘मी सांगितलं, तेच माझे आजोबा.’’

‘‘कोण?’’

‘‘फोटोतले. नवीन. त्यांना फार आवडले. भेटायचं म्हणाल्या, म्हणून मी सांगितलं की ते खरंच वारले.’’ मग जरा घुटमळून म्हणाली, ‘‘रविवारी त्या घरी येणार आहेत. तुम्ही तेवढा वेळ आतल्या खोलीत बसाल?’’

मामींनी तोंड उघडलं, पण मामांनी हाताने त्यांना थांबवलं. ‘‘बसेन की,’’ ते म्हणाले. ‘‘त्यात काय!’’

रविवारी ते आत बसले. बाहेर पोरींचा गलका चालला होता. ‘‘अय्या, कसले भारी होते गं तुझे आजोबा!’’ असं तीनदा ऐकू आलं. मामांना स्वतःचं हसू येत होतं. तेवढ्यात पाणी शोधत एक मुलगी आत आली आणि दचकून थांबली.

‘‘तुम्ही कोण?’’

आता काय सांगावं? ‘‘मी त्या फोटोतल्या आजोबांच्या ओळखीचा,’’ मामा म्हणाले.

‘‘ते वारले ना?’’

‘‘हो.’’

‘‘तुम्हाला वाईट वाटलं?’’

गेले चार दिवस मामी आडून आडून हेच विचारत होत्या आणि मामा दर वेळी विनोद करून सुटत होते.

‘‘वाटलं गं,’’ ते म्हणाले. ‘‘फार वाटलं.’’

मुलीने मोठ्या बाईसारखी मान हलवली. ‘‘त्यांना त्रास नाही ना झाला?’’

‘‘नाही. तोऱ्यात होते. कधी गेले ते त्यांना कळलंच नाही.’’

मग त्यांनी उठून तिला पेलाभर पाणी दिलं, आणि ती बाहेर गेल्यावर दार पुन्हा लोटून घेतलं.