ड्रोनची पाती आणि लाल नाडा

बोंडअळीने सलग काही हंगाम आमची कपाशी पोखरली. त्याच काळात केळापूरकडच्या आमच्या गावातील महिला बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला आणि तो उडवण्याचे प्रशिक्षण माझ्या पत्नीने घेतले. शेजारच्या गावात असाच एक ड्रोन पाते निसटून कोसळला होता. तो बाईच उडवत होती, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. आमचाही पडला असता, तर माझ्या पत्नीला पुन्हा कोणी शेतात बोलावले नसते.

पहिली फवारणी आमच्याच शेतात ठरली. सकाळी निम्मे गाव धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जमले. माझ्या थोरल्या बहिणीने ड्रोनला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि पोळ्याला बैल सजवावा तशा मायेने त्याच्या दांड्यांना लाल नाडे बांधले. पत्नीने हात जोडले आणि ती खाली बसून एकेक पाते चाचपू लागली.

"काकू, उडवता का अंडे उबवता?" धुऱ्यावरून शेजारच्या शेतकऱ्याने विचारले.

"उबवून राह्यली. गप बस, नाही तं पिल्लू तुह्या घरी येईन!"

सगळे हसले. "वारा सुटायच्या आत होऊ दे," मी हलकेच म्हणालो. स्वतःला मी शांत मनुष्य समजत आलो. त्या सकाळी कळले, मी केवळ हळू आवाजात घाई करतो.

"अवो, इकडं या. हे पाहा," पत्नीने मला हाक मारली.

एका नाड्याचे टोक सुटून पात्याखाली लोंबत होते. पाते फिरताच ते मोटारीत गुंडाळले गेले असते. बहिणीचा चेहरा उतरला.

"शुभाचं म्हणून बांधलं वं मी."

"मंग माह्या हाताले बांधा ना, ताई. उडवणार तं मीच आहे!"

बहीण खुदकन हसली. तिने नाडे सोडून एक पत्नीच्या मनगटाला बांधला. मी ड्रोनच्या खालच्या, उंची मोजणाऱ्या सेन्सरवर उडालेले कुंकू पुसले. पत्नीने तेही वाकून पाहिले, मगच यंत्र सुरू केले.

ड्रोन उठला, कपाशीची पाने सळसळली, औषधाचे धुके ओळींवर उतरत गेले. शेवटी तो सुखरूप खाली टेकला. मग शिट्ट्या वाजल्या.

"काकू, आमच्या वावरात कवा?" शेजाऱ्याने विचारले.

पत्नी पुन्हा पात्यांपाशी बसली होती. "थांबा. आधी हे पाहू द्या."

तो मुकाट्याने बांधावर बसला. मीही त्याच्याशेजारी बसलो, आणि कितीतरी हंगामांनंतर कपाशीकडे पाहताना मला हसू आले.