पल्लवीला समजावायला गेले, आणि नांदेडपर्यंत पोचले

"आक्का, तू ये बरं. तुझं तरी ऐकंल पोरगी," असा दत्ताचा फोन आला आणि मी ऑफिसात रजा टाकली. दत्ता माझा धाकटा भाऊ, नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळच्या गावात शेती करतो. त्याची मुलगी पल्लवी लातूरला राहून दोनदा मेडिकलची 'नीट' परीक्षा देऊन बसली होती. आता तिला तिसऱ्यांदा द्यायची नव्हती, नांदेडच्या आयटीआयला जायचं होतं. प्रवेशाचा शेवटचा दिवस दोन दिवसांवर आलेला. तिला पुन्हा रिपीटर बॅचला बसवायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. का, तर मी चाकणच्या कारखान्यात नोकरभरती बघते. मला जगाची अक्कल आहे असं आमच्या घराण्यात सगळे धरून चालतात, आणि मी कधी नाही म्हणत नाही.

पुण्याहून पहाटेची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीची जागा मिळाल्याचा आनंद दुप्पट. टेंभुर्णी, बार्शी, मुरूड करत दुपारी लातूर. बार्शीनंतर दोन्ही बाजूंना सोयाबीन इतकं हिरवंगार, की मी माहेरी निघालेय हे अंगाला कळायला लागलं. तुम्ही जाणार असाल तर ऑगस्टातच जा. उन्हाळ्यात गेलात आणि मला शिव्या घातल्यात तर ऐकून घेणार नाही.

लातूरला उतरल्या उतरल्या निलंगा राईस खा. पिवळाधमक तिखट भात, वर गरम भजी. सकाळी खायची गोष्ट आहे, पण मी दुपारी दोन प्लेट हाणल्या.

मग क्लासवाल्या भागात गेले. ती गल्ली एकदा बघायलाच हवी! अभ्यासिका, मेस, झेरॉक्स, आणि खोल्याच खोल्या. निम्म्या खोल्यांत पोरांसाठी गाव सोडून आलेल्या आया राहतात. माझी भावजय सुरेखाही दोन वर्षं तिथंच, आणि तिकडं दत्ता एकटा भाकरी थापतोय. या आयांना एकमेकींची नावं माहीत नसतात. शेवटच्या टेस्टला पोराला जे मार्क पडले, तेच आईचं नाव.

"पाचशे नव्वदवाली, नळ आलाय वो!" जिन्यातून कुणीतरी ओरडलं. "हाव, आले!" म्हणत सुरेखा घागर घेऊन पळाली. मी पोट धरून हसले. खोलीत जाऊन पल्लवीला वर्षानं भेटले, आणि माझा पहिला प्रश्न काय असावा? "यंदा किती पडले गं?"

ती म्हणाली, "आत्या, तू बी?"

हसू तिथंच विरलं.

ती शांतपणे सांगत होती. "मला डॉक्टर व्हायचंच न्हाई. मला विहिरीवरच्या मोटारी आवडतात. गावात मोटार जळली की हंगामात चार-चार दिस मिस्त्री भेटत न्हाई. मी आपला स्टार्टर उघडून बघते, तर बाबा म्हणतात हात लावू नको, पुस्तक धर." मी तिला स्पर्धा, पगार, भविष्य असं सगळं ऐकवलं. ऐकवताना मला सारखं आठवत होतं, की आमच्या कारखान्यात एका कारकुनी जागेसाठी पदवीधरांचे गठ्ठे येतात आणि हाताला काम ठाऊक असलेला वीजतंत्री मात्र महिनोन्‌महिने मिळत नाही. ते मी तिला सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "चल, एकदा बघून तर येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी नांदेडच्या एसटीत. चाकूर, अहमदपूर, लोहा. तीनेक तासांचा रस्ता, आता झकास झालाय. अहमदपूरला चहा घ्याच. फोन करून बोलावलेला दत्ता लोह्याला चढला, धुतलेला पांढरा सदरा, तोंड एवढंसं. माझ्या शेजारी बसून कुजबुजला, "आक्का, मी तुला कशाला बोलावलं अन्‌ तू काय करून राहिलीस? गावात काय सांगू? एवढ्या मार्कांची पोरगी तारा जोडाया गेली म्हणू?"

आयटीआयच्या कार्यशाळेत ग्रीस आणि वॉर्निशचा वास. तिथं शिकवणारे निदेशक सर आमच्याच भागातले निघाले. मी कुठं काम करते ते ऐकून म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. आमचं पोरगं मशीन उघडून दाखवील, पण तुमच्या गेटावर त्याला आधी डिग्री विचारतात." वीजतंत्र्याच्या आमच्या जाहिरातीतली पदवीची अट मीच टाइप केलेली.

मग त्यांनी एक जळकी मोटार टेबलावर ठेवली. "पोरी, का जळली सांग." पल्लवीनं ओढणी कमरेला बांधली, आत वाकून बघितलं. "सर, दोन फेजची गुंडाळी काळी पडलीय, तिसरी कोरी हाय. विजेचा एक फेज गेला आन्‌ मोटार तशीच चालू राहिली."

"अगं थांब, नीट बघ!" दत्ता एकदम पुढं आला. मोटारसायकलीवर किती जळक्या मोटारी दुरुस्तीला लोह्याला नेल्यात त्यानं. "मागच्या साली आपली बी अशीच जळली व्हती. मिस्त्री म्हणला, माल हलका."

"खोटं बोलला मिस्त्री, बाबा. मी तवाच म्हणाले व्हते."

दोघं टेबलावर वाकून भांडत राहिले, सर हसत राहिले. बऱ्याच वेळानं दत्तानं तिचं खरं मानलं, काळे हात पुसले आणि विचारलं, "सही कुठं करायची सर?" मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत धपाटाच घातला. पुढं गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून लंगरात तिघं पोटभर जेवलो, संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बसलो. नांदेडला गेलात तर या दोन्ही गोष्टी चुकवू नका.

परवा पुण्यात परतले. जिन्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "भाचीचं काय झालं हो? मेडिकल?" आणि माझ्या तोंडून अगदी सहज निघून गेलं, "नाही, इंजिनिअरिंग करतेय नांदेडला."

दार लावून बॅग खाली ठेवली. सही करून दत्तानं गावाला तोंड द्यायचं कबूल केलं होतं, आणि मला एका काकूंना देता आलं नाही. लाज वाटली, फार वाटली. तशीच चप्पल घातली आणि काकूंची बेल दाबली.

"काकू, मघाशी मी खोटं बोलले. आयटीआयला आहे ती. वीजतंत्री होणार आहे."