माळवदावरून दावोसकडे

माझी अक्का सासरहून परत आली ती क्षय घेऊन. ती अठरा वर्षांची होती, मी अकरा. दीर तिला दारापर्यंत सोडून गेला. त्यानंतर त्या घरून कुणी विचारपूस करायलासुद्धा आलं नाही.

"मोकळ्या हवेत ठेवा," डॉक्टर म्हणाले. "डोंगरावर नेता आलं तर उत्तमच." सोलापुरात डोंगर कुठला? अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, घराच्या माळवदाच्या सपाट छतावर बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा केला आणि अक्काची खाट तिथं नेली. तिथून गिरणीचं धुराडं दिसायचं. वारा फिरला की धूर आमच्याकडे यायचा, मग आई ओलं लुगडं आडवं बांधायची.

अण्णा शाळेत भूगोल शिकवत. शाळा सुटली की ते नकाशांचं मोठं पुस्तक घेऊन वर जात आणि आल्प्स पर्वताचं पान उघडत. तिकडचे क्षयाचे रोगी दावोस नावाच्या गावी जातात, असं त्यांनी वाचलं होतं. उंच डोंगरांमधल्या खोऱ्यातलं गाव. तिथं माणसांना कांबळ्यांत गुंडाळून सज्जात उन्हाला निजवतात, आणि समोर सगळीकडे बर्फ.

"बर्फ असून ऊन लागतं?" अक्का विचारायची.

"लागतं तर. चेहरे रापतात म्हणे."

मग अण्णा तिला रस्ता सांगत. मुंबईहून बोट, इटलीतलं जिनोआ बंदर, तिथून मिलान. पुढं गोटहार्डचा लांबच लांब बोगदा, की पलीकडे लुसर्नचं सरोवर. झुरिकला गाडी बदलायची. शेवटी डोंगर चढणारी लहान गाडी. अक्का एकेका गावाचं नाव घोळवून म्हणायची. दर वेळी एखादं गाव मुद्दाम विसरायची, म्हणजे अण्णांना पुन्हा सांगावं लागे.

मला खाटेजवळ जायची बंदी होती. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकायची. अक्का आल्यापासून अण्णा माझ्या पाटीकडे बघत नव्हते, हे मला फार लागलं होतं.

एका दुपारी मी पेजेची वाटी वर नेली आणि लांबूनच ठेवली. अक्का म्हणाली, "ये की गं, बस तिथंच. झुरिकनंतर कोणतं गाव?"

मी म्हटलं, "कशाला पाठ करतेस? तुला तिकडं कुणी नेणार नाही. आपल्याकडं पैसे नाहीत, आणि तू मरणार आहेस, असं शेजारच्या काकू म्हणत होत्या."

अक्कानं वाटी उचलली आणि हळूहळू सगळी पेज प्याली. "जा खाली," म्हणाली. "आई हाक मारतेय." आईनं हाक मारली नव्हती.

त्या संध्याकाळी अण्णा नेहमीसारखे वर गेले. अक्कानं नेहमीसारखी गावं विचारली. मी जिन्यावर गेले नाही, खालूनच ऐकलं. पुढं दोन महिने ते रोज चाललं. उन्हाळा लागता लागता अक्का गेली.

मी काय बोलले होते ते मी कुणाला सांगितलं नाही. लग्न झालं, मुलं झाली, तरी सांगितलं नाही. अण्णा नोकरीतून मोकळे झाले त्या वर्षी मी माहेरी गेले होते. ते ओसरीवर एकटे बसले होते. मी सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, "मला माहीत आहे. तिनं त्याच दिवशी सांगितलं. म्हणाली, धाकटीला रागावू नका, ती खरं तेच बोलली."

"आणि तरी तुम्ही रोज दावोसला नेत होतात तिला?"

"तीच म्हणाली, अण्णा, तुम्ही थांबू नका. तुम्ही सांगताय तोवर मला खोकला कमी येतो."

एवढं बोलून ते उठले आणि आत गेले. मी ओसरीवरच बसून राहिले. आई जेवायला बोलवायला आली, तेव्हा मी झुरिकनंतरचं गाव आठवत होते.