झाकण मिटलं की झोपलं पाहिजे

एका लॅपटॉपला झोपवण्यासाठी आमच्या हिच्या मामेभावाने खाल्ल्या तेवढ्या खस्ता अख्ख्या रत्नागिरीत कुणी खाल्ल्या नसतील. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला हा सडाफटिंग माणूस आमच्या दगडी गडग्यापलीकडेच राहतो. या आमच्या दादांनी एक जुनापुराणा लॅपटॉप आणला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं आणि हात धुऊन त्याच्या मागे लागले. दोन महिने ते यंत्र मिटलं की उठेचना. उठलंच तर पडदा काळाठिक्कर. रोज इंटरनेटवर कुठल्याशा परदेशी माणसाला विचारून प्रोग्रामातली एखादी ओळ बदलायची, झाकण मिटायचं आणि पंखा थांबतो का म्हणून कान लावून बसायचं. एकदा बाराव्याच्या पंगतीतही शेजारच्याला सांगत होते, "झाकण मिटलं की झोपलं पाहिजे, उघडलं की होतं तिथूनच उठलं पाहिजे!" शेजारी नेमका गेलेल्याचा थोरला मुलगा बसला होता.

स्वतः मात्र अगदी तस्से. "त्या पंख्याचं भावोजी, खरं..." एवढं म्हणून खुर्चीत डुलकी. दहा मिनिटांनी डोळे उघडून, "...कारण वेगळंच होतं!" मधल्या वेळात माझा चहा पिऊन कप विसळून झालेला असतो.

आणि एक दिवस त्यांना जमलं की हो! बॅटरी सहा-सहा तास चालायला लागली. त्यांचं बघून मीही माझ्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं होतं, तो चाळीस मिनिटांत मान टाकायचा. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू? रविवारी दुपारी मुलीचा जर्मनीहून फोन यायचा आणि तेव्हाच हटकून लाईट जायची. मोबाईलवर नात टिकलीएवढी दिसते, म्हणून मोबाईलचं नेट जोडून हिला लॅपटॉपच लागतो. माझा मेला की ही तरातरा पलीकडे, मागून मी. नात आपली "मामाआजोबा, मामाआजोबा" करणार आणि मी कडेच्या खुर्चीवर, पडद्यात अर्धा कान दिसेल एवढा!

शेवटी नाक मुठीत धरून म्हटलं, "दादा, जरा बघता का?" तीन दिवस खपले बिचारे. "शिंच्याला विश्रांती कशी घ्यायची तेच कुणी सांगितलं नव्हतं हो," म्हणाले. माझी बॅटरी सात तासांवर गेली. त्यांच्यापेक्षा एक तास जास्त! मी मनातल्या मनात पेढे वाटले.

पुढच्या रविवारी लाईट गेली, तरी माझा लॅपटॉप ठणठणीत. पडद्याच्या मधोमध मी. नात "आजोबा!" म्हणाली आणि माझी नजर सहज खिडकीबाहेर गेली. पलीकडे पडवीत दादांनी टेबल पुसून लॅपटॉप मांडला होता. तीन खुर्च्या, फणसाच्या तळलेल्या गऱ्यांची बशी. आमच्या दाराकडे बघत बसले होते. डुलकीसुद्धा घेतली नव्हती.

मी झाकण मिटलं. शहाण्यासारखा लगेच झोपला.

"गेली शिंची बॅटरी," मी म्हटलं. "चल, दादांकडे जाऊ."

हिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चपला घातल्या.

"परत गेली? बघतो हो उद्या," दादा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. चेहरा असा फुललेला! मला पुन्हा जळायला झालंच थोडं. पण जाऊन कडेच्या खुर्चीवर बसलो, अर्धा कान दिसेल असा.