दवाखाना उठल्यावर बाणूबाई

बाणूबाईचा आवाज मोठा होता. लहानपण बापाच्या मेंढरांमागं माळावर गेलेलं. ओढ्याच्या या काठावरून त्या काठावरच्या कळपाला हाक घालायची सवय, ती लग्नानंतर घरातही मोडली नाही. आमचं गाव आळंद तालुक्यात, खजुरीच्याही पलीकडं, अगदी हद्दीला लागून. राज्य निजामाचं. चावडीशेजारी दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना होता आणि बाणूबाई तिथं आया होती.

ती तिथं कशी लागली, ही एक गंमतच. एडक्यानं ढुशी देऊन तिचं मनगट मोडलं, म्हणून ती पट्टी बांधून घ्यायला गेली होती. तिथं एक लेकरू पायातलं गळू फोडू देईना. आई, बाप, कंपाउंडर, कुणालाच आवरेना. बाणूबाईनं चांगल्या हातानं त्याला बगलेत धरलं आणि खिडकीबाहेर बघत ओरडली, "आरं आरं, ते कोकरू बघ कसं नाचायलंय!" पोर कोकरू शोधत राहिलं, तोवर काम उरकलं. कंपाउंडर किशनराव गुलबर्ग्याकडचे, भित्र्या स्वभावाचे. ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "बाई, हात बरा झाला की इथंच कामाला या."

मग ती पाणी उकळू लागली, पट्ट्या धुऊ लागली. दवाखान्यात पडून असलेल्यांना आणि गावातल्या निराधारांना सरकारातून जोंधळा मिळायचा. त्याच्या कण्या शिजवून वाढायचं कामही तिचंच. नवरा ईरण्णा वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन लांब असायचा, दोन्ही मुली सासरी गेलेल्या. दवाखान्यातच तिचा दिवस मावळायचा आणि तिला ते आवडायचं.

पुढं ते मंदीचं साल आलं. तुरीला भाव नाही, जोंधळ्याला गिऱ्हाईक नाही. एके दिवशी तालुक्याहून चपराशी दोन गाड्या घेऊन आला आणि दवाखान्याचं सामान भरू लागला.

"हे काय करायलाव?" बाणूबाईनं विचारलं.

किशनरावांनी खाली बघून सांगितलं, "वरून तखफीफचा हुकूम आलाय. सरकारच्या खर्चाची छाटणी. लहान गावातले दवाखाने बंद. माझी बदली झाली."

"छाटायला आमचंच झाड घावलं व्हय?"

किशनराव बाटल्या पेटीत भरू लागले. आत खाटेवर नागव्वा पडून होती. कानडी मुलखातून कधीकाळी पोटासाठी आलेली म्हातारी, मागं-पुढं कुणी नाही. विहिरीवर घसरून तिची मांडी मोडली होती. चपराशी म्हणाला, "खाट सरकारी आहे, न्यावी लागेल." दोघा गाडीवानांनी तिला उचलून जमिनीवर ठेवलं. नागव्वा चपराश्याकडं टक लावून बघत म्हणाली, "खाट सरकारी, मग मी सरकारी न्हाई का रे, अप्पा?"

चपराशीही माणूसच होता. त्यानं तोंड फिरवलं, पण खाट नेली.

संध्याकाळी शेजारच्या बायकांना हाताशी धरून बाणूबाईनं नागव्वाला फळीवर घालून आपल्या घरी आणलं. काही दिवसांनी ईरण्णा माळावरून परतला, तर त्याच्या जागेवर, त्याच्याच घोंगडीवर म्हातारी झोपलेली.

"ही कोण?"

"नागव्वा. दवाखान्यातली."

"दवाखाना तर उठला म्हनं."

"दवाखाना उठला, पर ही कुठं उठायलीय? मांडी मोडलीय तिची."

ईरण्णा उंबऱ्यावर बसला. त्यानं तंबाखू मळली. मग म्हणाला, "कळपातलं लंगडं मेंढरू आपण वाटंत टाकून येत न्हाई. ऱ्हाऊ दे." आणि खुंटीवरची दुसरी घोंगडी काढून दाराशी आडवा झाला.

नागव्वाचं भागलं, पण गावाचं काय? लोक सवयीनं बाणूबाईच्या दाराशी यायचे. ती जखम उकळत्या पाण्यानं धुऊन द्यायची, धुतलेलं फडकं बांधायची. त्याच्यापुढं तिच्याकडं काही नव्हतं आणि ती तसं सांगायचीही. पावसाळा सरता-सरता थंडीताप आला. दवाखाना होता तेव्हा किशनराव घरोघर कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, गोळ्या द्यायचे. त्या वर्षी गोळी नव्हती. शेजारच्या गीताबाईचा धाकटा मुलगा तापानं फणफणला. बाणूबाई कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली. गाडी मिळून आळंदच्या दवाखान्यात न्यायच्या आतच पोर गेलं. बाणूबाईच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. गावातली आणखीही लेकरं त्या हंगामात गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पहाटे ती दारात उभी होती. गेल्या सुगीच्या तुरीची पोती लादलेल्या गाड्या एकामागं एक आळंदला चालल्या होत्या. ती बघत राहिली आणि एकदम पुढं होऊन तिनं रस्ताच अडवला.

"तूर आळंदला जायलीय, तर माणूस कामून जात न्हाई?"

पहिली गाडी श्रीपतरावांची. गावातलं मोठं घराणं, शिकलेला माणूस, अडत्यांशी ओळख. ते म्हणाले, "बाई, हे सरकारचं काम हाय. ते आपण अंगावर घेतलं की सरकार दवाखाना परत द्यायचंच न्हाई."

"खरं हाय, मालक. तुमी सरकारला इचारीत राव्हा. पर ताप काई सरकारच्या जबाबापत्तोर थांबत न्हाई. गीताबाईची थोरली तापलीय. एक पोतं उतरवा."

श्रीपतराव गाडीतच बसून राहिले. मागच्या गाड्यांतून ओरडा सुरू झाला. मग त्यांनीच खाली उतरून पोतं ओढलं आणि बैलांपुढचा कडबा गाडीत पसरला. गीताबाई लेकीला मांडीवर घेऊन बसली, शेजारी बाणूबाई. आळंदच्या दवाखान्यातून येताना मुलीला कोयनेल मिळालं होतं. ती पोर जगली.

तेव्हापासून रीतच पडली. बाजाराच्या दिवशी शेवटच्या गाडीत कडबा अंथरलेला असायचा. गाडी पाळीपाळीनं कुणाचीही असो, कडब्यावर पोतं ठेवायचं नाही. सुगीत खळ्यावर रास झाली की बायका निराधारांसाठी ओंजळभर जोंधळा वेगळा काढायच्या. कण्या आता बाणूबाईच्या चुलीवर शिजू लागल्या. सगळ्यांनाच हे पटलं असं नाही. कुणी पाळी चुकवायचा, कुणाचा बैल नेमका त्याच दिवशी लंगडायचा. बाणूबाई त्याच्या दारात उभी राहून हाक मारायची. ती हाक साऱ्या गल्लीला ऐकू जायची, म्हणून बैल लवकर बरा व्हायचा.

नागव्वाचा पाय वाकडाच जुळला, पण ती काठी टेकत हिंडू लागली. घरात तिला सासूपण आपोआप मिळालं. कण्यांत मीठ कमी पडलं की कानडीत बोल लावायची, ईरण्णा उशिरा आला की मराठीत. ईरण्णा हसून म्हणायचा, "माझ्या आईनंबी एवढं बोललं न्हाई."

श्रीपतरावांनीही आपलं म्हणणं सोडलं नाही. गुलबर्ग्याला गेले की कचेरीत जाऊन बसायचे, दवाखान्याचं काय म्हणून विचारायचे. कित्येकदा हात हलवत परतले. शेवटी, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, त्या दोन खोल्या पुन्हा उघडल्या आणि नवा कंपाउंडर आला. बाणूबाईला बोलावणं आलं. ती कामावर गेली, पण एक अट घालून. "बाजारची गाडी चालू ऱ्हाईल. सरकारचं काय सांगावं, परत छाटणी आली तर?" श्रीपतराव म्हणाले, "व्हय, ऱ्हाईल."

तिच्या केसात पांढरं आलं, त्या सुमाराची एक गोष्ट ती फार खुशीत सांगायची. एका अडलेल्या पोरीला आळंदहून पुढं गुलबर्ग्याला न्यावं लागलं. सोबत बाणूबाई आणि ईरण्णा. पोरगी सुटली, बाळ रडलं, मग दोघांना मोकळा वेळ मिळाला. गुलबर्ग्याला येऊन आगगाडी बघायची नाही, हे ईरण्णाला पटेना. स्टेशनाच्या कुंपणाशी दोघं शेंगा खात उभे राहिले. गाडी आली, धूर सोडत, डब्यामागं डबा.

ईरण्णा डोळे फाडून बघत होता. म्हणाला, "केवढा लांब कळप! आन् राखायला एक कुत्रं न्हाई."

बाणूबाई एवढ्या मोठ्यानं हसली की खिडकीतली माणसं वळून बघू लागली. तिनं त्यांना हात केला. त्यांतल्या दोघा-तिघांनी उलट हात केला.