भाऊ पुन्हा प्रार्थना म्हणू लागला

माझा धाकटा भाऊ दातांच्या कवळ्या करतो. दवाखान्यामागच्या खोलीत, मेणावर एकेक दात बसवताना तो प्रार्थना गुणगुणायचा. लहानपणापासून प्रार्थनाघरात पुढे उभा राहून गाणारा तोच.

पस्तिसाव्या वर्षी त्याने घरात सांगितलं, की त्याचं एका पुरुषावर प्रेम आहे आणि दोघं एकत्र राहणार आहेत. प्रार्थनाघराचा सगळा कारभार आमच्या मामांकडे. ते म्हणाले, "देव अशांचं ऐकत नाही. यापुढे गायला उभा राहू नकोस."

मी तिथेच होते. मीही म्हणाले, "मामांचं ऐक, वाद नको."

त्याने ऐकलं. गाणं थांबलं, गुणगुणणंही. झोप उडाली, हात कापायला लागले. आणि त्याचं पोट त्या हातांवर. एका समुपदेशकाने सल्ला दिला, "देवधर्म सोडून द्या, मोकळे व्हाल." त्यानंतर तो आणखीनच मिटला. शेवटी जोडीदाराने खनपटीला बसून त्याला दुसऱ्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं.

या बाई म्हणाल्या, "मी स्वतः देव मानत नाही. तुमच्या देवाची मला ओळख नाही, तुम्हीच करून द्या."

तो तासभर बोलला. आई गेली त्या आठवड्यात देवाशी काय काय बोलला होता, तेसुद्धा. मग बाईंनी विचारलं, "आणि 'देव तुझं ऐकणार नाही' हे कोणाच्या आवाजात ऐकू येतं?"

तो म्हणाला, "मामांच्या. मध्ये मध्ये खोकतातसुद्धा."

दोघंही हसले.

पाचव्या खेपेला तो मला सोबत घेऊन गेला. पर्सचा पट्टा पिळत मी कसंबसं म्हटलं, "त्या दिवशी मी तुझ्या बाजूने उभं राहायला हवं होतं."

"हो, हवं होतं," तो म्हणाला. मग माझा हात धरून म्हणाला, "पण ताई, आज आलीस ना."

मामा काही बदललेले नाहीत. भाऊ प्रार्थनाघरात जात नाही. सुट्टीच्या सकाळी आम्ही त्याच्याच घरी जमतो आणि तो गातो. जोडीदाराला देवाचं वावडं. तो शेजारी शब्दकोडं सोडवत बसतो आणि भलत्याच जागी मान डोलावतो.

मी बाईंचे आभार मानायला गेले, तर त्या म्हणाल्या, "मी काय केलं? नुसतं विचारलं."

घरात आम्ही इतकी माणसं, पण ते विचारायचं आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.