सलूनवाल्याचे चौदा पक्षी

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी कानसेनांच्या परसात उघडायची. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी अकरा वर्षं भाड्याने राहिले, त्यामुळे खाली काय चाललंय ते चहा उकळता उकळता दिसायचं. निम्म्या परसात त्यांनी लोखंडी अँगल उभे करून, बारीक चौकोनी जाळी ठोकून पक्ष्यांसाठी एक खोलीच उभी केली होती. अर्ध्या भागावर पत्रा, अर्धी आभाळाखाली. आत शिरायला एकामागे एक अशी दोन दारं होती आणि पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, असा सक्त नियम होता. कुणी तिला पिंजरा म्हटलं की ते म्हणत, "पिंजऱ्यात आपण जातो का? इथे जातो. मग ही खोली."

त्यांना खरं नाव होतं, पण पक्षी पाळणाऱ्या मंडळींनी त्यांना कानसेन केलं आणि गल्लीनेही तेच उचललं. त्याला कारण होतं. फिंच जातीच्या या बोटभर पक्ष्यांना श्वासनळीत एक बारीक कीड होते. पक्षी अंग फुगवून, चोच उघडी टाकून बसला म्हणजे ती झाली हे कुणालाही कळतं, पण तोवर वेळ निघून गेलेली असते. त्याआधी ओळखायचं तर संध्याकाळी सगळं निवांत झाल्यावर पक्षी अलगद मुठीत धरून कानाशी न्यावा लागतो. श्वासाबरोबर टिक, टिक असं आलं तर कीड आहे. नखावर नख आपटावं एवढाच तो आवाज. दहा माणसांतल्या नऊ जणांना तो येतच नाही. कानसेनांना यायचा. लोक दूरदूरहून कागदी पिशवीला भोकं पाडून त्यात पक्षी घेऊन यायचे. ते डोळे मिटून ऐकायचे आणि दोनच शब्द बोलायचे, "स्वच्छ आहे," किंवा "औषध लागेल." त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

हे कान घेऊन त्यांनी बत्तीस वर्षं पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात प्रेसवर काढली, हीच मोठी गंमत होती. दर चार सेकंदांनी एक ठोका. कानात घालायला कापसाचे बोळेही तेव्हा कुणी द्यायचं नाही. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची की लग्नानंतरची दहा वर्षं हे घरीसुद्धा ओरडूनच बोलायचे. आपला नवरा तापट आहे असा तिचा समज झाला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही खोली बांधली. आधी झेब्रा फिंच आणले, मग एका म्हाताऱ्या शिंप्याने आपला पसारा आवरताना गोल्डियन फिंचची एक जोडी त्यांच्या हवाली केली. हिरवी पाठ, पिवळं पोट, छातीवर जांभळा पट्टा. हा पक्षी अंडी घालतो आणि मनासारखं नसलं तर खुशाल टाकून देतो, म्हणून बहुतेक लोक त्याची अंडी दुसऱ्या पक्ष्याखाली उबवतात. कानसेनांना ते मान्य नव्हतं. राळा भिजवून मोड आणायचा, कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगायचा, घरट्याच्या पेटीकडे दहा दिवस डोकवायचं नाही, आणि वाट पाहायची. तीन वर्षं अंडी वाया गेली. चौथ्या वर्षी आईबापांनी स्वतः वाढवलेली चार पिल्लं पेटीतून बाहेर आली, तेव्हा त्यांनी मला खाली बोलावून दाखवली होती.

पुढे एका वर्षी त्यांच्या मनाने घेतलं की नर गायचे थांबले. त्यांनी खाणं बदललं, पाण्यात जीवनसत्त्वं घातली, काठ्यांच्या जागा बदलल्या. मग एका सकाळी त्यांना समोरच्या काठीवर एक नर दिसला. मान ताठ करून तो मादीपुढे उड्या मारत होता. त्याचा गळा थरथरत होता, चोच हलत होती, आणि आवाज नव्हता. ते तिथेच पत्र्याच्या डब्यावर बसून राहिले. माणसांचं बोलणं त्यांना व्यवस्थित कळत होतं. गेला होता तो फक्त बारीक, उंच सूर. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प राहिले. कुणी पक्षी आणला की पूर्वीसारखेच डोळे मिटायचे, पण आता कानाऐवजी बोटांना काय लागतं, छातीचं हाड किती वर आलंय, यावर अंदाज बांधायचे. सात-आठ महिने निभावलं.

चौकातला सलूनवाला त्यांचा जुना चेला. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्याने कानसेनांच्या देखरेखीखाली अशीच एक खोली बांधली होती, लहानशी. तिच्यात बारा पक्षी होते, सगळे त्यानेच वाढवलेले. त्याने एका पक्षीवाल्याकडून गोल्डियनची नवी जोडी घेतली आणि खोलीत सोडण्याआधी थेट इकडे आणली. संध्याकाळ होती. काकू त्यांच्या शेजारीच पायरीवर भाजी निवडत बसली होती. कानसेनांनी आधी नर कानाशी धरला, मग मादी. "स्वच्छ आहे," म्हणाले. सलूनवाल्याने पंधरा दिवस वेगळं ठेवायची तसदी घेतली नाही. कानसेनांनी सांगितल्यावर कसली तसदी? जोडी त्याच दिवशी खोलीत सोडली.

महिना-दीड महिन्यात त्याच्याकडचे पक्षी एकेक करून मरू लागले. शेवटी जुने बारा आणि नवे दोन, चौदाच्या चौदा गेले. तो परसात येऊन उभा राहिला आणि पक्षीवाल्याच्या नावाने बोटं मोडू लागला. त्याने आजारी माल गळ्यात मारला, कीड इतकी कोवळी की तुम्हालाही ऐकू येऊ नये, त्याच्या दुकानापुढे जाऊन चार लोकांत त्याची अब्रू काढली पाहिजे, असं बरंच बोलला. कानसेन हातातली चाळणी हलवत राहिले. कशालाच हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. खिडकीतून मला वाटलं, दुःखाने गप्प आहेत.

तो गेल्यावर काकू दाराशी आली. तिने मला हे पुढे स्वतःच सांगितलं.

"अहो, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही पक्षी कानाशी धरलात तेव्हा. पायरीवर बसून ऐकू आलं. टिक टिक."

"मग बोलली का नाहीस?"

"मला काय ठाऊक ते कशाचं? तुम्ही स्वच्छ म्हणालात. तुमच्या पुढे मी काय बोलणार?"

त्यांनी चाळणी खाली ठेवली. काकूच्या लक्षात तेव्हा सगळं आलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला हे हल्ली तिलाच का सांगतात, दाराची घंटा वाजली तर वर्तमानपत्रातून डोकं का काढत नाहीत. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली की आता त्या पक्षीवाल्याच्या दुकानापुढे तमाशा होण्याआधी सलूनवाल्याला जाऊन खरं सांगून या.

ते त्याच दिवशी गेले नाहीत. चार दिवस घालवले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. गल्लीत कुणी हसलं तरी त्यांना आपल्यावरच वाटायचं. पाचव्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून निघाले. सलूनमध्ये खुर्चीवर एक गिऱ्हाईक होतं, तोंडाला फेस लावलेलं. दुसरं बाकावर बसलं होतं. कानसेनांनी त्यांच्यादेखतच सांगितलं. म्हणाले, पक्षीवाल्याला बोल लावू नकोस. मला बारीक आवाज येत नाही, वर्ष होत आलं. मी ऐकलंच नव्हतं, तरी स्वच्छ म्हणालो.

सलूनवाल्याचा वस्तरा थांबला, मग पुन्हा चालू झाला. त्याने त्या गिऱ्हाइकाची पूर्ण दाढी केली, तोंड पुसलं, त्याला वाटेला लावलं. कानसेन उभेच. आपल्या गोल्डियनच्या दोन जोड्या, या वर्षाची पिल्लं, हवं ते घेऊन जा, असं त्यांनी म्हटलं.

"पक्षी मिळतील हो," सलूनवाला म्हणाला. "येत नाही ऐकू, एवढंच म्हणायचं होतंत. मी हसलो असतो का तुम्हाला?"

घरी येऊन कानसेनांनी परसाच्या फाटकावर पाटी लावली, की पक्षी तपासणं बंद आहे. खाली कारणही लिहिलं, ठळक अक्षरात: ऐकू येत नाही. काकू म्हणाली, एवढं कशाला? ते म्हणाले, एवढंच राहून गेलं होतं.

त्यांच्या स्वतःच्या खोलीतही कीड शिरली होती आणि त्यात नऊ पक्षी गेले. उरलेले वाचले ते काकूमुळे. तिने आयुष्यात पक्षी हातात धरला नव्हता. बिया झाडता झाडता ती पक्ष्यांना कचरा करणारी पोरं म्हणायची. आता रोज संध्याकाळी ती पायरीवर बसायची, ते खोलीतून एकेक पक्षी आणून तिच्या कानाशी धरायचे. पहिल्या दिवशी तिने दचकून मान मागे घेतली. "हा धडधडतो किती," ती म्हणाली. हळूहळू तिला सवय झाली. ती मान हलवून हो किंवा नाही सांगायची, ते पिसं बाजूला करून मानेमागच्या कातडीवर औषधाचा एक थेंब सोडायचे. दोघांत फारसं बोलणं होत नसे. मला मात्र वाटायचं की इतक्या वर्षांत ती दोघं एवढा वेळ एकमेकांजवळ कधी बसलीच नसतील.

सलूनवाला दीड वर्ष फिरकला नाही. दुकानात कानसेनांचा विषय निघाला तर तो रेडिओचा आवाज वाढवायचा, असं कानावर आलं. मग एका रविवारी दुपार कलताना तो फाटकाशी आला, हातात भोकं पाडलेली कागदी पिशवी. त्याने पाटी वाचली. कानसेन पत्र्याखाली पाण्याची भांडी घासत होते. त्यांच्याकडे न बघता तो सरळ काकूपाशी गेला आणि पिशवी तिच्या हातात दिली.

"काकू, जरा ऐकता का?"

काकूने ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग तिने नवऱ्याकडे बघून मान हलवली. कानसेनांनी हात पुसले, बाटली आणली. सलूनवाल्याने पक्षी आपल्या मुठीत धरला, त्यांनी थेंब सोडला. आठ दिवसांनी पुन्हा आण, त्यांनी सांगितलं. तो बरं म्हणाला, आणि त्याच्या तोंडून नंतर एक वाक्य निघालं, की या वेळी पंधरा दिवस वेगळं ठेवलंय.

त्यानंतर तो येत राहिला. पूर्वीसारखं मात्र झालं नाही. हसणं-खिदळणं, तासन्‌तास पायरीवर बसणं संपलं ते संपलंच. दोन वर्षांनी मी ते घर सोडलं तेव्हा खोलीत एकवीस गोल्डियन होते. सामान उतरवताना मी खिडकीतून शेवटचं पाहिलं. काकू पायरीवर होती, ते तिच्यापुढे मूठ धरून उभे होते, आणि तिने त्यांना हाताने खूण केली, की जरा थांबा, हलू नका.